शाळेच्या इयत्ता आणि भाषेच्या पायऱ्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शाळांमध्ये इंग्रजीखेरीज सर्वाधिक शिकवली जाणारी भाषा स्पॅनिश आहे. हे प्राबल्य इतके मोठे आहे की 2014-15 या शैक्षणिक वर्षाच्या देशव्यापी पाहणीनुसार बालवाडीपासून बारावीपर्यंत परभाषा शिकणाऱ्या सुमारे 1 कोटी 6 लाख विद्यार्थ्यांपैकी 70 लाखांहून अधिक, म्हणजे दर दहांतील जवळजवळ सात, एकट्या स्पॅनिशच्या वर्गात बसत होते. तिला ‘परभाषा’ म्हणणेही तेथे अवघड आहे, कारण 4 कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात, आणि टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना व कॅलिफोर्निया या प्रदेशांत ती इंग्रजीच्या आधीपासून नांदत आली आहे. माध्यमिक शाळेत, म्हणजे नववी ते बारावीच्या वर्षांत, हा विषय बहुधा ‘स्पॅनिश एक’, ‘स्पॅनिश दोन’, ‘स्पॅनिश तीन’, ‘स्पॅनिश चार’ अशा अभ्यासक्रमांत विभागलेला असतो, आणि एका वर्षात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुढच्या आकड्याच्या वर्गात जातो. वेळापत्रक, पाठ्यपुस्तक आणि शिक्षकांच्या नेमणुका यांच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची आहे, परंतु भाषा मनात रुजण्याचा क्रम या आकड्यांप्रमाणे चालत नाही. शालेय स्पॅनिशच्या अध्यापनातील बहुतेक खऱ्या अडचणी या दोन क्रमांच्या तफावतीतून निर्माण होतात, आणि त्या सोडवण्याचे जे उत्तम प्रयत्न झाले आहेत तेही ही तफावत मान्य करूनच झाले आहेत.

‘स्पॅनिश दोन’च्या एखाद्या वर्गाकडे जवळून पाहिले म्हणजे ही तफावत ध्यानात येते. पहिल्या बाकावरील मुलीने मागील वर्षी ‘स्पॅनिश एक’ पूर्ण केलेले असते आणि तिला क्रियापदांची वर्तमानकाळी रूपे तोंडपाठ असतात, मात्र कोणी सहज प्रश्न विचारला तर उत्तर जुळवताना ती अडखळते. तिच्या मागचा मुलगा प्राथमिक शाळेत अर्धा दिवस स्पॅनिशमधून गणित आणि विज्ञान शिकलेला असतो. त्याला ‘बाष्पीभवन’ या अर्थाचा शब्द येतो, पण आपल्या चुका व्याकरणाच्या भाषेत सांगता येत नाहीत. खिडकीजवळच्या मुलीचे आईवडील ग्वातेमालाहून आलेले असतात. घरात ती सफाईने स्पॅनिश बोलते, पण त्या भाषेतील एकही पुस्तक तिने वाचलेले नसते. तिघांसमोर पुस्तक एकच असते, आणि तिघांची प्रगती मोजणारी परीक्षाही एकच.

ही परिस्थिती एका दिवसात निर्माण झाली नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकी शाळांत परभाषा म्हणून जर्मनचा दबदबा होता. युद्धकाळात जर्मनविरोधी भावना भडकली, अनेक ठिकाणी जर्मनचे वर्ग बंद पडले, आणि ती जागा मोठ्या प्रमाणात स्पॅनिशने घेतली. स्पॅनिश शिक्षकांची देशव्यापी संघटना 1917 मध्येच स्थापन झाली हा काही योगायोग नव्हे. पुढे सोव्हिएत संघाने 1957 मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने 1958 मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला, आणि विज्ञान-गणिताबरोबर परभाषांसाठीही संघराज्याचा पैसा शाळांपर्यंत पोहोचला. त्या पैशातून ध्वनिफितींच्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि ‘श्रवण-भाषण पद्धती’ रूढ झाली. भाषा ही सवयींची माळ असून वाक्यांचे ठरावीक साचे ऐकून आणि पुन्हा पुन्हा उच्चारून ती अंगवळणी पडते, असे ही पद्धती मानते. या पद्धतीने शिकलेली मुले पाठ केलेले संवाद उत्तम म्हणत, परंतु संवादाबाहेरचा प्रश्न आला की गप्प होत. याच काळात फ्लोरिडातील मायामी येथे निराळे काही घडत होते. 1959 च्या क्रांतीनंतर क्यूबातून आलेल्या निर्वासित कुटुंबांची मुले आणि स्थानिक इंग्रजीभाषक मुले यांना एकत्र बसवून 1963 मध्ये कोरल वे प्राथमिक शाळेने दोन्ही भाषांतून शिक्षण सुरू केले. आधुनिक अमेरिकेतील सार्वजनिक द्विभाषिक शाळांचा वंश सामान्यतः येथून मोजला जातो.

भाषेच्या पायऱ्या मोजण्याची आजची परिभाषा यानंतर आली. परभाषा-अध्यापनाच्या अमेरिकी परिषदेने 1986 मध्ये प्रावीण्याचे निकष प्रसिद्ध केले आणि त्यांच्या अनेक सुधारित आवृत्त्या पुढे निघाल्या. त्यांत नवशिका, मध्यम, प्रगत, उच्च आणि 2012 मध्ये जोडलेली सर्वोच्च अशा पातळ्या आहेत, आणि पहिल्या तीन पातळ्यांचे प्रत्येकी तीन पोटभाग केलेले आहेत. युरोपात युरोप परिषदेने 2001 मध्ये मांडलेली सामायिक चौकट ए-एक पासून सी-दोन पर्यंत सहा पायऱ्या सांगते. स्पेनच्या सेर्व्हान्तेस संस्थेच्या वतीने घेतल्या जाणाऱ्या देले परीक्षा याच चौकटीवर आधारलेल्या असून शालेय वयाच्या मुलांसाठी त्यांची स्वतंत्र रूपेही आहेत. किती व्याकरण शिकून झाले हे या दोन्ही मापनांत गौण असते आणि विद्यार्थी भाषेने काय करू शकतो याला महत्त्व असते. नवशिका पाठ केलेले शब्द आणि ठरीव वाक्ये वापरतो. मध्यम पातळीवरचा विद्यार्थी स्वतःची साधी वाक्ये रचतो, प्रश्न विचारतो आणि परिचित व्यवहार पार पाडतो. प्रगत विद्यार्थी घडलेली गोष्ट आरंभापासून शेवटापर्यंत, काळ न चुकवता, परिच्छेदभर सलग सांगू शकतो. तेव्हा भूतकाळाचा धडा ‘स्पॅनिश दोन’मध्ये आटोपला म्हणून विद्यार्थी भूतकाळात बोलू लागला असे समजणे हा या मापनांच्या दृष्टीने मूलभूत गैरसमज आहे.

वेळेचा हिशेब मांडला तर हे अंतर आणखी स्पष्ट होते. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषक प्रौढांसाठी सर्वांत सोप्या गणल्या जाणाऱ्या भाषांत स्पॅनिशचा समावेश करते, आणि व्यावसायिक कामकाजापुरते प्रावीण्य मिळवण्यास 600 ते 750 तासांचे वर्ग लागतात असे धरते. हे विद्यार्थी लहान गटांत, पूर्ण वेळ आणि नोकरीच्या निकडीने शिकणारे असतात. याउलट 50 मिनिटांची तासिका आणि वर्षाचे 180 दिवस धरले तर शाळकरी मुलाच्या वाट्याला वर्षाला 150 तास येतात, म्हणजे चार वर्षांचे मिळून जेमतेम 600. वर्गात 30 मुले असली आणि प्रत्येकाने एकेकट्याने बोलायचे ठरवले तर तासिकेत प्रत्येकाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. चार वर्षांनंतर बहुसंख्य विद्यार्थी मध्यम पातळीच्या खालच्या किंवा मधल्या भागात असतात, हा सर्वसाधारण अनुभव या गणिताशी जुळणाराच आहे, आणि त्याबद्दल मुलांच्या आळसाला किंवा शिक्षकांच्या अपात्रतेला दोष देणे अन्यायाचे ठरते.

मग लवकर आरंभ करावा, हा उपाय पालकांना साहजिकच सुचतो. त्याचे फळ मात्र मुलाच्या वयापेक्षा मिळणाऱ्या वेळेवर अवलंबून असते. स्पेनमधील शिक्षणसुधारणांमुळे परभाषेच्या आरंभाचे वय खाली आले तेव्हा बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात आठव्या वर्षी आरंभ करणाऱ्यांपेक्षा अकराव्या वर्षी किंवा त्यानंतर आरंभ करणारी मुले, वर्गाचे तास समान असताना, पुढे असल्याचे दिसले. ज्याच्या भोवती दिवसभर ती भाषा बोलली जाते त्या लहान मुलाला वयाचा जो फायदा मिळतो, तो आठवड्यातील दोन-तीन तासिकांत मिळत नाही, कारण लहान मूल नियम समजून घेऊन शिकत नाही, ते भरपूर ऐकून शिकते, आणि भरपूर ऐकण्यासाठी भरपूर तास लागतात. प्राथमिक शाळेतील तुटपुंज्या तासिकांचे मोल त्यामुळे शून्य ठरत नाही. उच्चारांची ओळख, परक्या भाषेची भीती नसणे आणि ऐकताना तग धरण्याची सवय हे लाभ खरे आहेत, फक्त त्यांना प्रावीण्य समजू नये.

या वयासाठी उपयुक्त ठरलेली एक पद्धती कॅलिफोर्नियातील सान होजे येथील मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960 च्या दशकात मांडली. तिच्यात शिक्षिका आज्ञा देते आणि मुले बोलण्याऐवजी ती कृतीने पाळतात. ‘लेवान्तेन्से’ म्हणताच मुले उठतात, ‘सिएन्तेन्से’ म्हणताच बसतात. काही दिवसांनी आज्ञा लांबतात: तांबडी पेन्सिल घे, ती खुर्चीखाली ठेव, मग दारापर्यंत चालत जा आणि मैत्रिणीला हात कर. पेन्सिल खुर्चीवर ठेवणाऱ्या मुलाला ‘खाली’ हा शब्द अजून कळलेला नाही हे शिक्षिकेला तत्क्षणी दिसते, आणि त्यासाठी मुलाला परक्या भाषेत तोंड उघडावे लागत नाही. आरंभीच्या काळात मुलांना गप्प राहू देणे ही या पद्धतीतील महत्त्वाची देणगी आहे, कारण घाईने बोलायला लावलेले मूल इंग्रजी वाक्याच्या सांगाड्यावर स्पॅनिश शब्द चढवू लागते.

नवशिक्या मोठ्या मुलांच्या वर्गात, म्हणजे ‘स्पॅनिश एक’ आणि ‘दोन’मध्ये, व्याकरणाचा प्रश्न टाळता येत नाही, आणि येथेच पाठ्यपुस्तकाचा क्रम व मनाचा क्रम सर्वांत ठळकपणे वेगळे पडतात. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत, सेर आणि एस्तार. ‘ती हुशार आहे’ या वाक्यात सेर येते, तर ‘ती वर्गात आहे’ आणि ‘ती आजारी आहे’ या वाक्यांत एस्तार. पुस्तके हा भेद पहिल्याच वर्षी एका धड्यात देतात आणि स्थायी गुणासाठी सेर, तात्पुरत्या अवस्थेसाठी एस्तार, असा सुटसुटीत नियम सांगतात. परंतु मृत व्यक्तीविषयी बोलताना एस्तार वापरतात, जरी मृत्यूइतके स्थायी दुसरे काही नाही, आणि घड्याळातील वेळ सांगताना सेर वापरतात, जरी ती क्षणोक्षणी बदलते. वस्तू कोठे आहे हे सांगताना एस्तार येते, पण समारंभ कोठे आहे हे सांगताना सेर. बिल व्हॅनपॅटन यांनी 1980 च्या दशकात वर्गात शिकणाऱ्यांच्या बोलण्याचा मागोवा घेतला, तेव्हा विद्यार्थी ठरावीक टप्प्यांतून जातात असे आढळले. आधी ते क्रियापद गाळतात, मग सर्वत्र सेर वापरतात, त्यानंतर चालू क्रिया सांगताना एस्तार येऊ लागते, पुढे स्थान सांगताना, आणि अखेरीस अवस्थादर्शक विशेषणांबरोबर. धडा शिकवून झाला म्हणून हे टप्पे कोणी ओलांडून जात नाही. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर ‘स्पॅनिश दोन’मधील मुलाने बोलताना आजारपणासाठी सेर वापरले की तो त्या चुकीकडे वाढीची खूण म्हणून पाहू शकतो, आणि लेखी चाचणीत तिला जितके गुण कापतो तितके बोलण्याच्या परीक्षेत कापत नाही.

या ज्ञानातून पुढे आलेल्या अध्यापनपद्धतींत समान धागा आहे तो आकलनीय आदानाचा. आकलनीय आदान म्हणजे विद्यार्थ्याला अर्थ कळेल अशा रूपात त्याच्यापर्यंत पोहोचणारी भाषा. स्टीफन क्रॅशन आणि ट्रेसी टेरेल यांनी 1983 मध्ये हा विचार पुस्तकरूपाने मांडला, आणि टेरेल हे स्वतः कॅलिफोर्नियात स्पॅनिश शिकवणारे असल्यामुळे त्यात वर्गाचा अनुभव होता. बेकर्सफील्ड येथील स्पॅनिश शिक्षक ब्लेन रे यांनी त्याला कथेची जोड दिली. मांजराला टोपी हवी आहे, एवढ्यावर कथा सुरू होते. ‘एल गातो किएरे उन सोम्ब्रेरो’ हे वाक्य सांगून शिक्षक विचारतो की मांजराला टोपी हवी आहे की बूट, टोपी मांजराला हवी आहे की कुत्र्याला, मोठी टोपी हवी आहे की इवलीशी, आणि मुले आधी हो-नाही, मग एका शब्दात, मग पूर्ण वाक्यात उत्तरे देतात. दहा मिनिटांत ‘किएरे’ हे रूप मुलांच्या कानांवर तीस-चाळीस वेळा पडते, आणि प्रत्येक वेळी त्याला अर्थ असतो. हे रूप शब्दकोशातील मूळ ‘केरेर’पासून अनियमित रीतीने बनते ही गोष्ट नंतर दोन मिनिटांत सांगता येते. क्रॅशन यांचा आदानावरचा विश्वास एकांगी होता अशी टीका पुढे झाली आणि ती बरीचशी योग्य होती, कारण बोलल्याशिवाय आणि चूक सुधारून घेतल्याशिवाय अचूकता येत नाही. तरीही पहिल्या दोन वर्षांच्या वर्गात आदानाचा दुष्काळ हाच मोठा दोष असतो, आणि या पद्धतींनी त्यावर नेमका उपाय केला.

मराठी घरातून आलेला विद्यार्थी या टप्प्यावर काही बाबतींत सुदैवी असतो, मग तो न्यू जर्सीतील सार्वजनिक शाळेत असो वा मुंबई-पुण्याच्या एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेत. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालते, आणि आंबे अनेक झाले की ‘आवडतात’ होते. स्पॅनिशमध्येही नेमके असेच ‘मे गुस्ता एल मांगो’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ होते, तर इंग्रजीभाषक मुलाला आवडणारा माणूस कर्ता नाही ही गोष्ट पचवण्यास वर्ष लागते. कर्म व्यक्ती असेल तर मराठीत त्याला ‘ला’ लागतो आणि निर्जीव असेल तर बहुधा लागत नाही, म्हणजे ‘पुस्तक पाहिले’ पण ‘बहिणीला पाहिले’. स्पॅनिश याच कामासाठी ‘आ’ हे शब्दयोगी वापरते. पांढरा घोडा आणि पांढरी गाय यांतील विशेषणाचा बदल ‘काबायो ब्लांको’ आणि ‘बाका ब्लांका’ यांत जसाच्या तसा भेटतो, शिवाय तेथे नपुंसकलिंगी नामांची भानगड नाही. त, द हे दंत्य उच्चार मराठी मुलाच्या जिभेवर असतातच. हे सारे साम्य इंग्रजी पाठ्यपुस्तकांत दिसत नाही, कारण ती इंग्रजीभाषक वाचक गृहीत धरून लिहिलेली असतात, आणि म्हणून घरात मराठी बोलणारे मूलही स्पॅनिशकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहत राहते. सेर आणि एस्तारच्या भेदात मात्र मराठीची मदत होत नाही, तेथे सर्वांची वाट सारखीच लांब आहे.

तिसऱ्या वर्षी विषयाचे स्वरूप पालटते. स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन मुख्य रूपे आहेत, एक घडून पूर्ण झालेल्या क्रियेचे आणि दुसरे चालू असलेल्या, वारंवार होणाऱ्या किंवा पार्श्वभूमीला असलेल्या क्रियेचे. ‘आम्ही गेल्या उन्हाळ्यात आजीकडे गेलो’ यात पहिले येते आणि ‘आम्ही दर उन्हाळ्यात आजीकडे जात असू’ यात दुसरे. मराठी व्याकरण ज्याला रीती भूतकाळ म्हणते त्याचे काम आणि ‘पाऊस पडत होता’ या अपूर्ण भूतकाळाचे काम ही दोन्ही स्पॅनिशचे दुसरे रूप करते. रिकाम्या जागा भरण्याच्या स्वाध्यायात हा भेद मुलांना जमतो, पण तोंडी गोष्ट सांगताना सुटतो, कारण गोष्ट सांगणाऱ्याला प्रत्येक क्रियापदापाशी ही घटना आहे की पार्श्वभूमी याचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून जाणते शिक्षक येथे वाक्ये सोडून कथनाकडे वळतात, आवाज नसलेली छोटी चित्रफीत दाखवून ती सांगायला लावतात, किंवा एकच प्रसंग दोन पात्रांच्या तोंडून लिहून घेतात. याच सुमारास इच्छा, शंका, भावना यांच्यामागून येणारे क्रियापदाचे वेगळे रूप, म्हणजे संभावनार्थ, शिकवला जातो. ‘तिने यावे अशी माझी इच्छा आहे’ या मराठी वाक्यातील ‘यावे’ हे विध्यर्थी रूप या संभावनार्थाचे जवळचे नातलग आहे. मध्यम पातळीवर रेंगाळणे हे या वर्षाचे दुखणे असते. मुलाचे काम भागत असते, समोरच्याला कळत असते, त्यामुळे भाषा अधिक समृद्ध करण्याची निकड उरत नाही, आणि अशा वेळी लांब मजकुराचे वाचन हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग दिसतो.

शालेय शिडीच्या टोकाला असलेल्या महाविद्यालयपूर्व प्रगत अभ्यासक्रमाची परीक्षा 1 ते 5 अशा श्रेणीत मोजली जाते, आणि अनेक महाविद्यालये चांगल्या श्रेणीला श्रेयांक देतात. भाषा व संस्कृती हा एक अभ्यासक्रम आणि साहित्य हा दुसरा. साहित्याच्या यादीत मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंतच्या 38 साहित्यकृती नेमलेल्या आहेत. पहिल्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत लेख आणि ध्वनिमुद्रण एकत्र वापरून मतप्रतिपादन करावे लागते, म्हणजे परीक्षा प्रगत पातळीची कामे मागते, पण ती देणारे विद्यार्थी पुष्कळदा मध्यम पातळीवरचे असतात.

या परीक्षेला बसणाऱ्यांत मोठा वाटा असतो तो ज्यांच्या घरीच स्पॅनिश आहे अशा मुलांचा, आणि शालेय स्पॅनिशची अत्यंत महत्त्वाची व बराच काळ दुर्लक्षित राहिलेली बाजू त्यांचीच आहे. त्यांना वारसाभाषक म्हणतात. ग्वादालुपे वाल्देस यांच्या व्याख्येनुसार जो विद्यार्थी इंग्रजीहून वेगळी भाषा बोलली जाणाऱ्या घरात वाढला, ती भाषा बोलतो किंवा निदान समजतो, आणि काही प्रमाणात द्विभाषिक आहे, तो वारसाभाषक. यात दोन भाषांत अस्खलित असलेली मुलगीही येते आणि आजीचे बोलणे कळणारा पण उत्तर इंग्रजीत देणारा नातूही. अशी मुले दीर्घकाळ ‘स्पॅनिश एक’मध्ये रंग आणि आठवड्याचे वार शिकण्यासाठी बसवली जात, तेथे ती कंटाळत आणि व्याकरणाच्या चाचणीत इंग्रजीभाषक वर्गमित्रांहून कमी गुण मिळवत. आपल्याच आईची भाषा आपल्याला येत नाही असे लाल शाईत वाचणाऱ्या मुलाच्या मनावर काय परिणाम होत असेल, याचा विचार व्यवस्थेने फार उशिरा केला.

दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांतील फरक एका उदाहरणात पूर्ण दिसतो. तेर्मिनो हा शब्द स्पॅनिशमध्ये तीन प्रकारे उच्चारला जातो. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर त्याचा अर्थ ‘शेवट’ किंवा ‘संज्ञा’, दुसऱ्यावर दिला तर ‘मी संपवतो’, आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘त्याने संपवले’. लेखनात हा जोर स्वरावरील तिरक्या रेघेने दाखवतात, आणि मधल्या अक्षरावर जोर असेल तेव्हा या शब्दात रेघ लागत नाही. वारसाभाषक मुलगी तिन्ही उच्चार बोलताना कधीही चुकत नाही, परंतु लिहिताना तिन्ही रूपे रेघेशिवाय लिहिते, कारण रेघेचा आणि तिच्या कानांतील जोराचा संबंध तिला कोणी दाखवलेला नसतो. शेजारचा इंग्रजीभाषक मुलगा रेघ पाठ करून बरोबर देतो आणि वाचताना जोर भलत्याच अक्षरावर टाकतो. एकाच धड्याने दोघांचे भले होणार नाही: तिला कानांतले कागदावर आणायचे आहे आणि त्याला कागदावरचे कानांत. लेखनाच्या इतर चुकांतही हाच प्रकार असतो. आरंभीचा ह-वर्ण उच्चारला जात नाही, दोन निराळी अक्षरे ‘ब’ याच उच्चाराची असतात, आणि म्हणून ‘पाहू या’ या अर्थाचे दोन शब्द व ‘असणे’ या अर्थाचे साहाय्यक क्रियापद हे दोन्ही ‘आबेर’ असे ऐकू येतात. या चुका अज्ञानाच्या नाहीत. त्या ऐकून भाषा शिकलेल्याच्या चुका आहेत, आणि त्यांचे स्वरूप स्पेनमधील दुसरी-तिसरीच्या मुलांच्या चुकांसारखे असते. नामाच्या लिंगाविषयी सिल्व्हिना मोंत्रूल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही लेखी कामांत परभाषा म्हणून शिकलेले विद्यार्थी सरस ठरले, तर तोंडी कामांत वारसाभाषक.

वारसाभाषकांच्या वर्गात आणखी नाजूक प्रश्न असतो तो प्रमाणभाषेचा. शेतमजुरांच्या कुटुंबातील मूल ‘मी आणले’ या अर्थी ‘त्रुहे’ म्हणते, जेथे प्रमाण रूप ‘त्राहे’ आहे, आणि ट्रकला ‘त्रोका’, दुपारच्या जेवणाला ‘लोंचे’ म्हणते. पहिले रूप सोळाव्या-सतराव्या शतकांतील उत्तम लेखकांच्या लेखनात आढळते, म्हणजे ती त्या भाषेची जुनी ठेव आहे. दुसरे शब्द इंग्रजीच्या सहवासातून आलेले आहेत, जसे मराठीत पोर्तुगीज आणि फारसीच्या सहवासातून शेकडो शब्द आले. जुन्या पद्धतीचा शिक्षक ही रूपे खोडून टाकी. आजचे चांगले अभ्यासक्रम घरचे रूप कायम ठेवून त्याच्या शेजारी प्रमाण रूप ठेवतात आणि कोणते कोठे शोभते याचे भान देतात. हा बदल केवळ सौजन्याचा नाही, कारण घरचे बोलणे तुच्छ ठरवले गेले की मूल ते बोलणेच सोडते, आणि मग सुधारण्यासाठीही काही उरत नाही. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत शाळेत आलेल्या मुलांच्या शिक्षकांना हा अनुभव सविस्तर सांगण्याची गरज नाही.

द्विभाषिक शाळांत हे दोन गट एकत्र शिकतात आणि एकमेकांचे गुरू होतात, अशी मूळ कल्पना होती. कॅलिफोर्नियाने 1998 च्या सार्वमताने द्विभाषिक शिक्षणावर कठोर बंधने घातली आणि 2016 च्या सार्वमताने ती उठवली, यावरून या कल्पनेभोवतीचे राजकारण किती तीव्र आहे हे कळते. वर्गातील वास्तव त्याहून गुंतागुंतीचे असते. शिकागोतील अशा एका शाळेत किम पोटॉस्की यांनी पाचवीतील मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा स्पॅनिशच्या तासाला मुले शिक्षिकेशी मुख्यतः स्पॅनिशमध्ये, पण आपापसांत मुख्यतः इंग्रजीत बोलताना आढळली. इंग्रजीचे सामाजिक वजन वर्गाच्या दाराशी थांबत नाही, आणि म्हणून अशा शाळांना गटकामे, नाटके, पत्रव्यवहार यांतून स्पॅनिशची खरी गरज मुद्दाम निर्माण करावी लागते.

भारतात चित्र निराळे आहे, कारण येथे वारसाभाषक नाहीत आणि सारेच शून्यापासून आरंभ करतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परभाषांत स्पॅनिश आहे, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकवता येणाऱ्या परभाषांत तिचे नाव घेतले आहे, आणि आंतरराष्ट्रीय पदविकेच्या शाळांत ती आरंभापासून शिकणाऱ्यांसाठी व आधी काही वर्षे शिकलेल्यांसाठी अशा दोन स्वतंत्र वाटांनी शिकवली जाते. गोव्यात काही शाळांत पोर्तुगीज शिकलेल्या मुलांना स्पॅनिशचे वाचन चटकन जमते, मात्र दोन्ही भाषांतील सारख्या दिसणाऱ्या पण निराळ्या अर्थाच्या शब्दांपासून त्यांना सावध करावे लागते. उलट अमेरिकेतील मराठी मुले स्पॅनिशच्या वर्गात परभाषक असतात आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत वारसाभाषक. तेथे त्यांना ‘ळ’ ऐकून ओळखता येतो पण लिहिता येत नाही, आणि तेथील शिक्षिकांना स्पॅनिशच्या वारसावर्गांनी पन्नास वर्षांत जमवलेला अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडण्याजोगा आहे.

नवीन विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसवावे हा निर्णय म्हणूनच वर्षाच्या आरंभीचे सर्वांत जबाबदारीचे काम ठरतो. चांगल्या शाळा त्यासाठी व्याकरणाची प्रश्नपत्रिका पुरेशी मानत नाहीत. त्या आधी घरातील भाषेची चौकशी करतात: आजी-आजोबांशी कोणत्या भाषेत बोलणे होते, भावंडांशी कोणत्या, शाळेत कधी स्पॅनिशमधून वाचायला शिकवले गेले होते काय. मग दहा मिनिटांचे संभाषण होते, ज्यात ओळखीपासून आरंभ करून हळूहळू मागील सुटीतील एखादा प्रसंग सलग सांगायला लावतात आणि अखेरीस एखाद्या प्रश्नावर मत विचारतात, आणि विद्यार्थी जेथे अडतो तेथे त्याची पातळी समजते. शेवटी एक परिच्छेद लिहून घेतात. संभाषण आणि परिच्छेद यांत मोठे अंतर दिसले तर विद्यार्थी वारसावर्गाकडे पाठवला जातो, दोन्ही जवळपास सारखे असले तर परभाषेच्या वर्गाकडे, आणि शाळेत वारसावर्गच नसेल, जी आजही अनेक ठिकाणची स्थिती आहे, तर त्याच वर्गात त्याच्यासाठी निराळे वाचन आणि निराळा लेखनक्रम आखण्याचे काम त्या एकट्या शिक्षिकेवर येते.